नाव, वय, राहणार

वाल्मीक कोटमे हा माणूस खुर्चीत सलग दहा मिनिटं बसलेला मी चौदा वर्षांत पाहिलेला नाही. बैठकीला आला की दाराजवळची जागा धरतो. पाचव्या मिनिटाला उठून पाणी पितो, सातव्याला फोन आल्याचं सोंग करून बाहेर जातो, आणि बसलाच तर त्याचे पाय हलत राहतात. त्याच्याबरोबर शेजारच्याची खुर्चीही हलते. मला या हलण्याचा भयंकर राग यायचा. एकदा भर बैठकीत मी त्याला म्हटलं होतं, "वाल्मीक, पाय घरी ठेवून येत जा." तो हसला आणि पुढचा पाऊण तास भिंतीला टेकून उभा राहिला.

म्हणून मार्चमधल्या त्या शनिवारी मी मुद्दाम त्याच्या शेजारची खुर्ची घेतली. नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये आरोग्य पत्रकारांची एक दिवसाची कार्यशाळा होती. त्या दिवशी वाल्मीकचं भलं व्हायचं होतं आणि हा ऐनवेळी काहीतरी करून ठेवील, अशी मला सकाळपासून धास्ती होती.

आधी आमचं नातं सांगते. मी एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर आहे. तालुक्यांतून आलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, मथळे द्यायचे आणि पानात बसवायच्या, हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. वाल्मीक आमचा येवल्याचा वार्ताहर. वार्ताहर म्हणजे नोकरदार नव्हे. पहाटे पेपरचे गठ्ठे उतरवून घेणारा, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणारा आणि उरलेल्या वेळात बातम्या पाठवणारा माणूस. त्याच्या बातमीवर त्याचं नाव येत नाही. "येवला (वार्ताहर)" एवढंच छापतात. चौदा वर्षं वाल्मीक त्या कंसात राहिला.

त्या शनिवारी तो बाहेर येणार होता. आमचे संपादक महेश सर दुपारी प्रमाणपत्रं वाटायला येणार होते आणि त्यांच्या खिशात वाल्मीकच्या नेमणुकीचं पत्र असणार होतं. जिल्हा आरोग्य प्रतिनिधी, नाशिक कार्यालय, बातमीवर स्वतःचं नाव. ते जाहीर करायला सरांनी हाच मंच निवडला होता, कारण चार डॉक्टर आणि इतर दैनिकांची माणसं समोर असली की आपली कॉलर ताठ होते. शिफारस माझी होती. वाल्मीकला मी आदल्या दिवशीच फोनवर सांगून टाकलं, कारण गोष्ट पोटात ठेवणं मला जमत नाही. त्याची बायको योगिनी पलीकडून म्हणाली, "मॅडम, ह्यांना आजच्या दिवस जागेवर बसवा." मी म्हटलं, बसवते.

कार्यशाळेत सकाळी दहाला प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं कार्ड आलं, हातात कापडी पिशवी, पिशवीत वही आणि पेन. पहिलं सत्र ओळखीचं. "मोकळेपणानं एकमेकांशी बोला, संपर्क वाढवा," असं सांगितल्यावर पत्रकारांनी जे केलं ते तसं ठरलेलंच होतं. सगळे मिळून डॉक्टरांभोवती जमा झाले. आमच्या लोकांना मोठ्या डॉक्टरचा मोबाइल नंबर बातमीसाठी कमी आणि नातेवाइकाला खाट मिळवण्यासाठी जास्त लागतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. म्हणून ते कार्ड देतात आणि त्यावर दवाखान्याचा नंबर छापतात. वाल्मीक त्या घोळक्यात नव्हता. तो चहाच्या टेबलाजवळ एका नर्सशी बोलत होता. येवल्याकडच्या उपकेंद्रात ती काम करते आणि तिथल्या फ्रीजची वीज दिवसातून किती वेळा जाते, हे तो तिच्याकडून समजून घेत होता.

हा माणूस असाच आहे. बाकीचे वार्ताहर सकाळी पोलीस ठाण्यात जातात, चहाही तिथंच मिळतो. वाल्मीक सकाळी दवाखान्यात जातो. केसपेपर न काढता रांगेच्या शेवटी उभा राहतो. कोण किती वेळ थांबलं, कोण न दाखवताच परत फिरलं, कोणत्या खिडकीवर "उद्या या" म्हणतात, हे सगळं डोक्यात साठवतो. कुत्रा चावल्यावरची लस संपली की ती नसल्याचं जिल्ह्याच्या साहेबांना कळायच्या आधी वाल्मीकला कळलेलं असतं. गावोगावच्या आशाताई त्याला भाऊबीजेला ओवाळतात. आमच्या डेस्कवर त्याच्या बातमीला "सलाईन" म्हणतात, कारण ती रोज येते आणि थेंबाथेंबानं येते. हे नाव मीच पाडलेलं.

त्याचं घर विणकराचं. उंबरा ओलांडला की माग, आणि मागाच्या कडेनं जी जागा उरेल तिच्यात संसार. वडील चिमाजी पैठणी विणायचे. वाल्मीक स्वतः बाविसाव्या वर्षापर्यंत मागावर बसला. मागाखालच्या पावड्या पायांनी सतत दाबत राहाव्या लागतात, ती सवय पायांना लागली ती लागली, असं तो सांगतो. मला तो बहाणा वाटायचा. चिमाजींना खोकला सुरू झाला तेव्हा घरानं "जुनाट हाय" म्हणत दोन वर्षं काढली. क्षय आहे हे कळल्यावरही लपवलं. व्यापाऱ्याला समजलं तर तो रेशीम देणार नाही, ही भीती. गावातल्या दवाखान्यात कुणी पाहील म्हणून चिमाजी तोंडाला उपरणं बांधून एसटीनं कोपरगावला जायचे आणि तिथून औषध आणायचे. एसटी चुकली की डोस चुकायचा. असे पुष्कळ डोस चुकले आणि चिमाजी गेले. वर्षाच्या आत वाल्मीकनं माग विकला आणि पेपरची एजन्सी घेतली. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही उभ्यानं.

ओळखीचं सत्र संपलं आणि पुण्याहून आलेली प्रशिक्षक मनाली बोलायला उभी राहिली. तिशीची मुलगी, आवाज शांत. मला अशा शांत आवाजाच्या मुलींचा उगाच राग येतो. "मी एक जुनी बातमी दाखवते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त चूक शोधा." दैनिकाचं नाव पट्टीखाली झाकलेलं होतं. पडद्यावर कात्रण आलं आणि मथळा वाचून माझ्या हातातलं पेन थांबलं.

"गोळ्यांसाठी विणकर तरुणीची वणवण."

हा मथळा मी दिला होता. माझे मथळे मी विसरत नाही.

शेजारी वाल्मीकचे पाय जोरात हलायला लागले.

समोर मात्र सगळे कामाला लागले. सटाण्याचा ज्ञानेश सर्वांत आधी बोलला. "बातमी चांगली शे, मॅडम. सहाच्या सहा ककार आहेत. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे." दुसरा म्हणाला, दवाखान्याची बाजू घेतलेली नाही. तिसरीनं वाक्यं लांब असल्याचं सांगितलं. वीस मिनिटं पंचवीस पत्रकार त्या कात्रणाकडे पाहत होते आणि कुणालाच काही सापडत नव्हतं. मला सापडलं होतं. ते पहिल्याच ओळीत होतं. मुलीचं पूर्ण नाव आणि त्यापुढे कंस: वय २३, रा. आणि तिच्या गावाचं नाव.

हे दिसत नाही, कारण आमच्या डोळ्यांना ते दिसतच नसतं. आमच्या धंद्यात माणूस नावानं सुरू होतो आणि कंसात संपतो. अपघात असो, चोरी असो, सत्कार असो की निधन, वय अमुक, रा. तमुक. डेस्कवर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलंय. कंस नसला तर बातमी ऐकीव वाटते. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना हे माझ्याकडूनच कळलं असेल.

शेवटी मनालीनं पडद्यावर बोट ठेवलं. "हिला क्षय होता," ती म्हणाली. "बातमी आली त्या दिवशी व्यापाऱ्यानं हिच्या मागावरचं अर्धं विणलेलं काम काढून नेलं. साडीला रोग लागेल म्हणाला. आठवड्यात ठरलेलं लग्न मोडलं. घरात पाणी भरायला येणारी शेजारीण यायची थांबली. हे कात्रण मला तिनंच फोटो काढायला दिलं, नावासकट दाखवा म्हणाली. तीन वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपलंय." मग तिनं कात्रण पडद्यावरून काढलं. "आता ती पूर्ण बरी आहे. इथंच नाशिकला, अंबडच्या कारखान्यात काम करते. दुपारी अडीचला ती स्वतः इथं येणार आहे. तिचं नाव मी कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल."

आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मीही तिचं खरं नाव इथं लिहिणार नाही. चैताली म्हणू. हे नाव नंतर तिनंच सुचवलं.

वाल्मीक उठून बाहेर गेला. या वेळी त्यानं फोनचं सोंगसुद्धा केलं नाही. मी दोन मिनिटं बसले आणि त्याच्या मागून गेले. तो जिन्याजवळ उभा होता, हातात चहाचे दोन कप, दोन्ही भरलेले.

"मॅडम, मी निघतो," तो म्हणाला. "ती मला तोंडानं ओळखते. मी दोन तास बसलो होतो तिच्या घरी."

"तू आणि दोन तास?"

"बसलो होतो," तो म्हणाला. "मागाच्या कडेला. आमच्या घरासारखंच घर हाय ते."

मी त्याच्या हातातला एक कप घेतला. घ्यायचा म्हणून घेतला, प्यायला नाही. आता मला ती संध्याकाळ सांगायला हवी. ती मी तीन वर्षं मनातून ढकलत आले होते आणि त्या जिन्यापाशी ती सरळ समोर येऊन उभी राहिली.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेली होती. क्षयाच्या गोळ्या त्या भागात महिनाभर वेळेवर येत नव्हत्या. वाल्मीकची बातमी आली. मुलगी आठ दिवसांत पाच वेळा दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातानं परतली, असं त्यात लिहिलं होतं. बातमी चोख होती, पण मुलीला नाव नव्हतं. "एक विणकर तरुणी" एवढंच. मी त्याला फोन लावला. पान छपाईला सुटायला अर्धा तास होता आणि मी चिडलेली होते. चिडलेली मी नेहमीच असते, पण त्या दिवशी जरा जास्त. मी म्हटलं, "नाव नाही, वय नाही, रा. नाही. ही बातमी आहे की निबंध?"

"ती नाव नका टाकू म्हणली, मॅडम. मी शब्द दिलाय."

"मग आरोग्याचे साहेब उद्या म्हणतील, अशी कुणी मुलगीच नाही. पेपरनं बनवली. नाव दिलंस तर बातमी पहिल्या पानावर, नाही तर उडवते. तुला गोळ्या आणायच्या आहेत की शब्द सांभाळायचाय?"

त्याच्या उत्तरासाठी न थांबता मी फोन ठेवला. दहा मिनिटांनी मोबाइलवर नाव आलं, नुसतं नाव, वय आणि गाव. पुढे-मागे एक अक्षर नाही. मी ते पहिल्या ओळीत टाकलं, त्यापुढे कंस केला आणि पान सोडलं. चौथ्या दिवशी गोळ्या आल्या. संपादकांनी बैठकीत बातमीचं कौतुक केलं. मी ते वाल्मीकला कळवलं तेव्हा त्यानं व्यापाऱ्याचं सांगितलं. आणि मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणाले, "होतं असं, वाल्मीक. गोळ्या आल्या ना?"

त्यानंतर त्यानं मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. फक्त आजाराबद्दलच्या त्याच्या प्रत्येक बातमीच्या वर एक ओळ यायला लागली: "नाव नाही. फोन करू नये." डेस्कवर सगळे हसायचे. मीही हसायचे. येवल्याचा वार्ताहर आता आपल्याला शिकवतो, असं म्हणायचे.

"मी तिच्या दारात तीनदा गेलो," जिन्याजवळ वाल्मीक सांगत होता. "पहिल्यांदा आईनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा ती आत होती, पण आली नाय. तिसऱ्यांदा कळलं, मावशीकडं अंबडला गेली. मग मी काय करणार? अंबडला हजारो बायका कामाला. रोज सकाळी दवाखान्यात रांगेत उभा राहतो ना मॅडम, तवा एखादी पोरगी तोंडाला ओढणी बांधून आली की मला माझा बाप दिसतो. आणि मी त्याच्याच नावाची शपथ घेतली होती तिच्यापुढं."

मला त्या क्षणी काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. मला जे वाटलं ते वेगळंच होतं. मला सरांच्या खिशातल्या त्या पत्राची काळजी वाटली. चौदा वर्षांनी मिळणारी गोष्ट एका दुपारी निघून जाईल, याची चीड आली. आणि त्या चिडीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मी तेव्हा उचलून पाहिली नाही.

"हे बघ," मी म्हटलं. "तू निघायचं नाहीस. सर तीनला येतायत. अडीचला ती मुलगी येईल, तेव्हा तू बाहेर जा. फोन आला म्हण. तू बाहेर गेलास तर कुणाला आश्चर्य वाटणार नाही. ती गेली की आत ये, पत्र घे, फोटो काढ. बातमीवर तुझं नाव नाही. मनालीलासुद्धा माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"तुम्हाला माहीत हाय ना," वाल्मीक म्हणाला.

त्याचा आवाज कडू नव्हता. तो नुसतं सांगत होता. तरी मी चिडले. "मग काय करू? उभी राहून ओरडू?" असं काहीतरी बोलले आणि कप तसाच कठड्यावर ठेवून आत गेले.

जेवणात मला चव लागली नाही. पुऱ्या गरम होत्या, श्रीखंड होतं, आणि नवा व्हॉट्सॲप ग्रुप तयार करण्यावरून दोन दैनिकांची माणसं वाद घालत होती. ग्रुपचा ॲडमिन कोण, हा प्रश्न होता. कुणीतरी मला नंबर विचारला आणि मी चुकीचा सांगितला. दर दोन मिनिटांनी मी दाराकडे पाहत होते. वाल्मीक ताट हातात घेऊन खिडकीजवळ उभा होता, मग पाण्याच्या कूलरजवळ, मग जिन्यात. योगिनीचा मला मेसेज आला: "बसलेत ना?" मी उत्तर दिलं नाही.

महेश सर लवकर आले, सव्वादोनला. कोटाच्या आतल्या खिशातून पांढऱ्या पाकिटाचा कोपरा दिसत होता. त्यांनी वाल्मीकच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काय कोटमे, तयार ना? चार शब्द बोलावे लागतील." वाल्मीक "हो सर" म्हणाला. सर पहिल्या रांगेत जाऊन बसले. अडीचला मनालीनं सगळ्यांना जागेवर बसायला सांगितलं. मी वाल्मीककडे पाहिलं आणि मानेनं दाराकडे खूण केली. जा आता, अशी.

तो आला आणि माझ्या शेजारी बसला.

मी पुन्हा खूण केली. त्यानं पाहिलं नाही. त्यानं फोन बंद करून पिशवीत टाकला, हात मांडीवर ठेवले आणि समोर पाहत राहिला. मला काहीतरी चमत्कारिक वाटत होतं आणि काय ते कळायला थोडा वेळ लागला. माझी खुर्ची हलत नव्हती. वाल्मीकचे पाय जमिनीवर टेकलेले होते, दोन्ही, स्थिर. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

चैताली मागच्या दारानं आली. कारखान्याचा निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, दुपारची सुटी घेऊन आली असावी. मंचावर न चढता ती खालीच, आमच्यासमोर खुर्ची ओढून बसली. आयोजकांनी तिलाही कापडी पिशवी दिली होती, ती तिनं मांडीवर घेतली. तिची नजर आमच्या रांगेवरून गेली आणि वाल्मीकवर थांबली. थांबली आणि पुढे सरकली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

ती दहा मिनिटं बोलली. घोटून आणलेलं भाषण नव्हतं ते. गोळ्या किती मोठ्या असतात, त्यानं तोंडाला कशी चव येते, अंबडच्या मावशीनं पहिले दोन महिने वेगळं ताट दिलं आणि तिसऱ्या महिन्यात स्वतःच ते ताट फोडून टाकलं, हे सांगितलं. लोक हसले. मग ती म्हणाली, "बातमीबद्दल सांगते. बातमीनं माझं वाटोळं केलं, असं लय दिवस म्हणत होते मी. पण गोळ्या त्या बातमीनंच आल्या. माझ्याबरोबर अजून वीस-पंचवीस जणांना आल्या. त्यातले दोघं मला माहीत हायेत, जिवंत हायेत. म्हणून मी भांडायला आले नाय."

तिनं पिशवीतून प्लास्टिकमधलं कात्रण काढलं. पडद्यावर ते केवढं मोठं दिसलं होतं, हातात ते तळहाताएवढं होतं.

"मला फक्त एक कळत नाय. ज्यांनी लिहिलं त्यांना मी म्हटलं होतं, नाव नका टाकू. ते म्हणले, माझ्या वडलांची शपथ, नाय टाकणार. त्यांच्या वडलांना पण हाच आजार होता, तेही त्यांनी सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. असा माणूस बापाची खोटी शपथ घेत नाय. तिसऱ्या प्रहरी ते माझ्या घरातून गेले आणि सकाळी पेपर आला. मधल्या वेळात असं काय झालं? तीन वर्षं मी हेच इचारतीय स्वतःला. कुणी सांगितलं तर बरं होईल."

मनाली म्हणाली, "अशा बातम्या नेमक्या कशा घडतात, यावर आपण..." आणि वाल्मीक उभा राहिला.

"ती बातमी माझी हाय," तो म्हणाला. "वाल्मीक कोटमे, येवला."

हॉलमध्ये खुर्च्या वाजल्या. सगळे वळून पाहायला लागले. ज्ञानेशनं तोंडावर हात ठेवला.

"ओळखलं मी, भाऊ," चैताली म्हणाली. "आत आले तवाच."

"माझं चुकलं. शब्द दिला आणि मोडला. तुमच्या दारात आलो होतो सांगायला, पण ते सांगून काय भरून येणार होतं? इथं सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी."

पहिल्या रांगेत महेश सरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. शेजारी दोन डॉक्टर बसले होते, मागे इतर दैनिकांची माणसं होती. सरांचा हात कोटाकडे गेला आणि पाकिटाचा कोपरा त्यांनी बोटानं आत सारला. ते पाकीट त्या दिवशी पुन्हा बाहेर आलं नाही. वाल्मीक आजही येवल्याचा वार्ताहर आहे.

"चुकलं ते कळलं," चैताली म्हणाली. "पण का? तेवढंच इचारतीय मी."

वाल्मीक गप्प राहिला.

त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. डेस्कवरून फोन आला होता, एवढं. मानसुद्धा वळवायची गरज नव्हती. मी शेजारी बसले होते, हाताच्या अंतरावर. मी वाट पाहत होते. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं असतं तर मला राग आला असता, मी त्या रागाला धरून बसून राहिले असते आणि संध्याकाळी घरी गेले असते, असं मला खात्रीनं वाटतं. त्यानं पाहिलं नाही. तीन वर्षं सांगितलं नव्हतं ते तो आताही सांगणार नव्हता. तो उभा होता, हात खाली सोडून, पाय टेकवून, आणि तिचा प्रश्न स्वतःवर घेत होता. आणि खाली काहीतरी हलत होतं. मी पाहिलं तर माझे पाय हलत होते.

मला भीती वाटली, हे कबूल करते. समोर संपादक होते. सत्तावीस वर्षांत माझ्या नावाला कधी डाग लागला नाही, कारण माझं नाव कधी कुठं छापलंच गेलं नाही. मी उठले तेव्हा मांडीवरची वही खाली पडली.

"का ते मी सांगते," मी म्हणाले. "त्यांनी तुमचं नाव लिहिलं नव्हतं. बातमी नावाशिवायच पाठवली होती. मी डेस्कवर होते. मी फोन केला. नाव दे, नाही तर बातमी उडवते, असं म्हणाले. गोळ्या हव्यात की शब्द सांभाळायचाय, असंही म्हणाले. दहा मिनिटांनी त्यांनी नाव पाठवलं. पहिल्या ओळीत ते मी टाकलं. कंस मी केला. मथळाही माझा."

वाल्मीक हळूच म्हणाला, "मॅडम, बसा." मी बसले नाही.

चैताली माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. तिचा चेहरा रागाचा नव्हता. शोधत राहिलेली वस्तू हाती लागल्यावर माणूस जसा आधी तिला उलटसुलट करून पाहतो, तशी ती पाहत होती. मग तिनं हातातलं कात्रण डोळ्यांजवळ नेलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं.

"तुमचं नाव नाय यात," ती म्हणाली. "ह्यांचं पण नाय. माझंच हाय फक्त."

"डेस्कवरच्यांचं नसतं," मी म्हटलं. "छापत नाहीत."

"मग आता सांगा."

"मंजुषा पिंगळे," मी म्हणाले. पुढचं माझ्या तोंडून सवयीनंच गेलं. "वय बावन्न. राहणार इंदिरानगर."

तिनं पिशवीतून कार्यशाळेची कोरी वही काढली, पहिलं पान उघडलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि लिहून घेतलं. मग वर न पाहताच तिनं विचारलं, "इंदिरानगरात कुठं?"